दोन भाषांचं विद्यापीठ खरंच टिकतं का?

तळटीप

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, शेवटी धागा काढतेच. उच्च शिक्षण कोणत्या भाषेत असावं हे बोलणं निघालं की दोनच टोकं ऐकू येतात, एक तर सगळं मातृभाषेत आणा नाहीतर इंग्रजीला पर्यायच नाही. मधला एक रस्ता आहे त्याबद्दल फार कमी बोललं जातं, तो म्हणजे अधिकृतपणे दोन भाषांत चालणारं विद्यापीठ. कॅनडातलं ओटावा इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं, त्याची मुळं १८४८ ची. स्वित्झर्लंडमधलं फ्रीबुर्ग १८८९ चं, तिथे फ्रेंच आणि जर्मन. हेलसिंकीत फिनिश आणि स्वीडिश. इटलीच्या उत्तरेला बोल्झानोत तर १९९७ पासून जर्मन, इटालियन आणि इंग्रजी अशा तीन भाषा.

पण दुसरी बाजूपण आहे. प्रागचं विद्यापीठ १८८२ मध्ये चेक आणि जर्मन असं दुभंगलं. बेल्जियममधलं लूवेन १९६८ मध्ये फुटलं आणि त्या वादात देशाचं सरकार पडलं. दक्षिण आफ्रिकेत दोन भाषांत चालणारी विद्यापीठं एकामागून एक इंग्रजीकडे सरकली.

तर प्रश्न असा की दोन भाषांचं विद्यापीठ खरंच टिकतं का, की ते मोठ्या भाषेकडे जाताना लागणारं मधलं स्टेशन असतं? आणि टिकत असेल तर कशाच्या जोरावर? जे अशा ठिकाणी शिकलेत किंवा शिकवतात त्यांनी जरूर लिहा, अंदाजापेक्षा अनुभव हवेत.

मधलीसुट्टी

मस्त विषय. वाचत राहणार.

शून्यप्रहर

माझं स्पष्ट मत, टिकत नाही. कागदावर टिकतं. कॅनडातलंच लॉरेन्शियन विद्यापीठ बघा, सडबरीतलं, तेही अधिकृत द्विभाषिक. २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं आणि एका झटक्यात ६९ अभ्यासक्रम बंद केले, त्यातले २८ फ्रेंच. फ्रेंचमध्ये शिकणारे तिथे अल्पसंख्य, तरी बंद झालेल्या अभ्यासक्रमांत त्यांचा वाटा ४० टक्के. पैसे कमी पडले की कुऱ्हाड कुठे पडते हे यातून कळतं.

शिवाय प्राध्यापकाची बढती कशावर होते, शोधनिबंधांवर. ते कुठल्या भाषेत, बहुतेक इंग्रजीत. मग दुसऱ्या भाषेत पाठ्यपुस्तक लिहायला कोण बसेल आणि का? भावना कितीही खऱ्या असल्या तरी रोजचा सगळा दाब एकाच दिशेने असतो.

निळीशाई

शून्यप्रहर, लॉरेन्शियनचं उदाहरण बरोबर आहे पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच प्रांतात त्याच वर्षी टोरांटोला संपूर्ण फ्रेंच विद्यापीठ सुरू झालं. २०१८ मध्ये प्रांत सरकारने त्याचे पैसे थांबवले होते, लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, मग केंद्र आणि प्रांत दोघांनी मिळून पैसे दिले. म्हणजे भाषा बोलणारे गप्प बसले नाहीत तर कुऱ्हाड परतही घेतली जाते.

आता अनुभव. मी दोन भाषांच्या एका विद्यापीठात मास्टर्स केलंय, नाव लिहीत नाही. सेमिनारमध्ये प्राध्यापक एका भाषेत बोलायचे, समोरून प्रश्न दुसऱ्या भाषेत यायचा, उत्तर प्रश्नाच्या भाषेत मिळायचं आणि मधे कुणीही भाषांतर करायचं नाही. सुरुवातीला माझी त्रेधातिरपीट उडाली, निम्मं डोक्यावरून जायचं. पण तिथे एक गोष्ट फार शहाणपणाची होती, दुसरी भाषा *समजली* पाहिजे एवढीच अपेक्षा होती, ती बोलण्याची किंवा लिहिण्याची सक्ती नव्हती. निबंध, परीक्षा सगळं ज्याच्या त्याच्या भाषेत. ऐकून समजायला माणूस लवकर शिकतो, अस्खलित लिहायला वर्षं जातात. हा फरक धोरणात ओळखला गेला की वर्गातली निम्मी भीती जाते.

ओटावातसुद्धा हेच तत्त्व आहे. कोर्स इंग्रजीत असो वा फ्रेंचमध्ये, लेखी काम आणि परीक्षेची उत्तरं दोन्हींपैकी कुठल्याही भाषेत देण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे (अर्थात भाषेचाच कोर्स असेल तर नाही). हेलसिंकीतही फिनिश आणि स्वीडिशच्या बाबतीत असंच आहे.

सातवीब

आमच्या वर्गातपण दोन भाषा होत्या, एक सर बोलायचे ती आणि एक ते फळ्यावर लिहायचे ती. दुसरीचं वाचन अजून कुणाला जमलेलं नाही 😄

जुनाखडू

सातवीब 😄

निळीशाई यांनी परीक्षेचा मुद्दा काढला त्यावर लिहितो, कारण माझं आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात आणि पेपर तपासण्यात गेलं. माझ्या मते माध्यमाचा खरा निकाल वर्गात लागत नाही, परीक्षेच्या हॉलमध्ये लागतो.

दोन भाषांतली प्रश्नपत्रिका हातात घेऊन नीट बघा. वर इंग्रजी प्रश्न, खाली मराठी, आणि शेवटी बारीक टाइपात ओळ, भाषांतराबाबत शंका असल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा. या एका ओळीत सगळं धोरण आलं. दोन भाषा छापल्या पण अधिकार एकीलाच दिला. मुलगा मराठी प्रश्न वाचतो, तो अडखळत केलेला असतो कारण प्रश्न इंग्रजीत तयार झाला आणि मग कुणीतरी घाईत मराठीत उतरवला, वाक्य तिसऱ्या ओळीला संपतं तोवर कर्ता हरवलेला. मग हुशार मुलं काय करतात, मराठी माध्यमाची असूनही वरचा इंग्रजी प्रश्न वाचतात आणि उत्तर मराठीत लिहितात. मी हे पर्यवेक्षण करताना कित्येकदा बघितलंय, मुलाचं बोट वरच्या ओळीवर आणि पेन खाली मराठीत चालू.

दुसरं म्हणजे तपासणी. मराठीतल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वेगळे निघतात आणि ते घ्यायला परीक्षक कमी. जे घेतात त्यांच्यावर लोड येतो, लोड आला की वाचन उडत उडत होतं आणि गुण सरासरीकडे ओढले जातात. चांगलं लिहिणाऱ्याचं नुकसान होतं ते इथे. मग पुढच्या वर्षीची मुलं एकमेकांना सांगतात, इंग्रजीत लिही, मार्क चांगले पडतात. आकडे घसरतात, आणि वर बसलेले म्हणतात मागणीच नाही.

म्हणून तळटीपताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर, टिकणं न टिकणं अशा बारीक जागांवर ठरतं. घोषणेवर नाही.

रानवारा

+१, विशेषतः "मागणीच नाही"बद्दल.

उंबरठा

जुनाखडू सर, वर इंग्रजी वाचून खाली मराठीत लिहिणाऱ्यांतली मी एक.

बारावीपर्यंत मराठीतून शिकले, मग विज्ञान शाखेत सगळं अचानक इंग्रजीत. लोकांना वाटतं शब्द अडतात. शब्द नाही अडत हो, पारिभाषिक शब्द तर दोन महिन्यांत पाठ होतात, ते मोजकेच असतात. अडतात ती मधली वाक्यं. "हे असं असेल तर ते तसं का होत नाही" हा प्रश्न मनात मराठीत तयार व्हायचा आणि इंग्रजीत रचेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असायचे. त्यामुळे वर्षभर मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही आणि शिक्षकांना वाटायचं हिला सगळं समजतंय. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत एका बाहेरच्या परीक्षकांनी माझी चुळबुळ बघून "मराठीत सांग" म्हटलं आणि मी धडाधड बोलले, ते थांबवेपर्यंत बोलत होते. तेवढ्या एका परवानगीने काय फरक पडतो ते मी कधी विसरणार नाही.

त्यामुळे मला इंग्रजी नको असं अजिबात म्हणायचं नाही. मला दोन्ही हव्या होत्या. इंग्रजी शिकायला वेळ हवा होता आणि तोवर मराठीत विचारायची मुभा हवी होती.

प्राजक्त

उंबरठा, किती नेमकं लिहिलंस. मुभा हाच शब्द.

बिटबाइट

मी अभियांत्रिकीच्या बाजूने बोलतो. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने १४ महाविद्यालयांना प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवायची परवानगी दिली, मराठीसुद्धा त्यात आहे. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली, शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. दोन्हीकडे इंग्रजी संज्ञा मोठ्या प्रमाणावर तशाच ठेवल्यात, फक्त लिपी बदलली. यावरून खूप चेष्टा झाली पण माझं मत वेगळं आहे. वाक्य मराठी आणि संज्ञा जशी वापरात आहे तशी, ही काही तडजोड नाही, आपण प्रयोगशाळेत असंच बोलतो. उंबरठा म्हणतात ते यालाच जुळतं.

माझी शंका दुसरीकडे आहे. पहिल्या वर्षाचं पुस्तक निघतं, समारंभ होतो. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचं काय? वरच्या वर्गात विषय दर दोन वर्षांनी बदलतात, तिथे संदर्भ, मॅन्युअल, मंच सगळं इंग्रजीत. नुसत्या मराठी माध्यमात घातलेला मुलगा तिथे जाऊन उघड्यावर पडेल. म्हणून मी "मराठी माध्यम" या वेगळ्या तुकडीच्या विरोधात आहे आणि दोन भाषांच्या एकाच वर्गाच्या बाजूने.

शून्यप्रहर

बिटबाइट, एकच वर्ग म्हणजे व्यवहारात काय? सर इंग्रजीत शिकवणार आणि मधे मधे मराठीत समजावणार. ते तर आजही सगळीकडे चालतंच की. त्याला द्विभाषिक विद्यापीठ म्हणायचं असेल तर सगळीच विद्यापीठं द्विभाषिक झाली.

जुनाखडू

चालतं, पण चोरून चालतं शून्यप्रहर. तपासणी समिती आली की मराठी बंद. शिक्षकाने ते उपकार म्हणून करायचं आणि विद्यार्थ्याने खाली मान घालून घ्यायचं, असं आहे आज. तेच नियमात आलं की शिक्षकाला त्यासाठी तयारी करता येते, दोन्ही भाषांत टिपणं देता येतात, आणि पुढचा शिक्षक "मी नाही बा मराठीत सांगणार" म्हणू शकत नाही.

कलमदान

वेगळी तुकडी की एकच वर्ग, हा वाद दक्षिण आफ्रिकेत थेट संविधान न्यायालयापर्यंत गेलाय, म्हणून जरा सविस्तर.

ब्लूमफॉन्टेनच्या फ्री स्टेट विद्यापीठात नव्वदच्या दशकात समांतर पद्धत आली. तोच कोर्स आफ्रिकान्सच्या (डचमधून तयार झालेली तिथली भाषा) वर्गात आणि तोच इंग्रजीच्या वर्गात. हेतू चांगला होता. पण झालं असं की आफ्रिकान्सच्या वर्गात जवळजवळ सगळे गोरे आणि इंग्रजीच्या वर्गात बहुतेक काळे. वर्णभेद संपल्यावर पुन्हा वर्णानुसार बसणारे वर्ग तयार झाले, आणि गोऱ्यांचे वर्ग लहान म्हणजे शिक्षकाचं लक्ष जास्त. २०१६ मध्ये विद्यापीठाने इंग्रजी हेच मुख्य माध्यम केलं, प्रकरण संविधान न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाचं धोरण उचलून धरलं. काही न्यायमूर्ती असहमत होते, निकाल एकमताचा नव्हता. २०१९ मध्ये स्टेलेनबॉशच्या बाबतीतही विद्यापीठाच्या बाजूने निकाल लागला.

इथपर्यंत ऐकून शून्यप्रहर म्हणतील बघा मी सांगत होतो. पण त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये दूरशिक्षणाच्या युनिसा विद्यापीठाला मात्र फटकारलं. त्यांनी आफ्रिकान्स काढून टाकली ती घटनेला धरून नाही असं ठरलं. तिथल्या घटनेचं कलम २९(२) म्हणतं, सरकारी संस्थेत आपल्या पसंतीच्या अधिकृत भाषेत शिकण्याचा हक्क आहे, *जिथे ते रास्तपणे शक्य असेल तिथे*. म्हणजे हक्क आहे, पण त्यामुळे विद्यार्थी वंशानुसार वेगळे पडत असतील तर तो मागे हटतो, आणि नुसत्या सोयीसाठी काढून टाकायचा म्हटलं तर न्यायालय कारण मागतं.

माझा निष्कर्ष, भाषेप्रमाणे वर्ग पाडले की वर्गांना लगेच सामाजिक रंग चढतो. आपल्याकडे मराठी तुकडीत कोण बसेल आणि इंग्रजी तुकडीत कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. एक तुकडी "हुशार" ठरेल आणि दुसरी "बिचारी". त्यामुळे बिटबाइट यांना माझा पूर्ण पाठिंबा.

गोफण

कलमदान, प्रतिसाद आवडला, पण या धाग्यात सगळे युरोप आफ्रिका फिरून आले आणि घरचं कुणी काढलंच नाही.

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा त्याचं मूळ तत्त्वच हे होतं की शिक्षण मातृभाषेतून द्यायचं आणि इंग्रजी विषय म्हणून शिकवायचा. जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. सरकारची मान्यता नाही, पदवीला नोकरीच्या बाजारात भाव नाही, तरी चालवलं. कायद्याने मान्यता मिळायला १९५१ उजाडलं.

दुसरं उस्मानिया. १९१८ मध्ये हैदराबादेत उर्दू माध्यमाचं विद्यापीठ, इंग्रजी सक्तीचा विषय. आणि महत्त्वाचं म्हणजे विद्यापीठाच्या आधीच, १९१७ मध्ये, भाषांतराचं खातं उघडलं. पुस्तकं आधी तयार करायला घेतली, वर्ग नंतर. तिथे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूत शिकवलं गेलं. म्हणजे "आपल्या भाषांत विज्ञान होऊच शकत नाही" हे म्हणणं शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालं होतं.

शून्यप्रहर

गोफण, उस्मानिया पुढे इंग्रजीवर गेलं ते पण सांगा ना.

गोफण

गेलं. पण का गेलं? १९४८ नंतर संस्थान विलीन झालं, सत्ता बदलली, उर्दूचा राजाश्रय गेला. मुलांना उर्दूत शरीरशास्त्र कळेना म्हणून काही ते बंद झालं नाही. प्रयोग फसला आणि प्रयोग थांबवला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मात्र एक गोष्ट मला खुपते ती लिहितो. उस्मानियाची उर्दू ही त्या संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची भाषा नव्हती. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी प्रजा तिथे होती आणि त्यांच्यासाठी उर्दूही बाहेरचीच. देशी भाषेचा झेंडा लावला तरी दुसऱ्या कुणाची भाषा दबू शकते. आज मराठी माध्यम म्हणताना गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलाचा विचार आपण करतो का?

रानवारा

गोफण, शेवटच्या ओळीसाठी मनापासून धन्यवाद. मी अशाच मुलांबरोबर काम करते. त्यांच्यासाठी मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी. विद्यापीठात ती पोचतात तेव्हा आधीच दोन भाषांचे डोंगर चढून आलेली असतात आणि तिथे कुणी त्यांना "मराठी माध्यम" नावाच्या खणात टाकतं. निळीशाई यांनी लिहिलंय तसं, समजण्याची अपेक्षा ठेवा आणि लिहिण्याची मोकळीक द्या, हे या मुलांना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

सातवीब

अवांतर, लूवेन फुटलं तेव्हा ग्रंथालयाची वाटणी कशी झाली माहितीये का? बरेच संच शेल्फच्या क्रमांकावरून वाटले, सम एका विद्यापीठाला, विषम दुसऱ्याला. भावाभावांच्या वाटणीत तरी भांडी जोडीने जातात.

निळीशाई

हे खरंय, आणि ऐकून पोटात खड्डा पडतो. फ्रेंच भाषिक विभाग उठून नव्याने वसवलेल्या गावात गेला, लूवां-ला-न्यूव्ह. १४२५ साली स्थापन झालेलं विद्यापीठ. पण लूवेनच्या बाबतीत हे लक्षात घ्या की ते शहर फ्लेमिश भागात होतं, तिथे डच बोलणाऱ्यांना आपल्याच गावात फ्रेंच वरचढ होत चालल्यासारखं वाटत होतं. दोन्ही भाषा एका संस्थेत होत्या खऱ्या, पण दोन विद्यापीठं एका नावाखाली राहावीत तशा. दोघांना एकमेकांची गरजच उरली नव्हती.

प्राजक्त

गरज शब्द आला म्हणून लिहिते. मला वाटतं तळटीपच्या "कशाच्या जोरावर" याचं उत्तर विद्यापीठाच्या बाहेर आहे.

जी टिकली ती बघा. ओटावा ही देशाची राजधानी, तिथल्या केंद्र सरकारच्या कित्येक जागांना दोन्ही भाषा याव्या लागतात, १९६९ चा अधिकृत भाषा कायदा त्यामागे आहे. बोल्झानोच्या प्रांतात सरकारी नोकरीला जर्मन आणि इटालियन दोन्हींचं प्रमाणपत्र लागतं. फिनलंडमध्ये स्वीडिश जाणणारे डॉक्टर आणि न्यायाधीश पुरेसे तयार करणं ही ठरावीक विद्यापीठांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि हेलसिंकीत तर १९३७ च्या कायद्यापासून काही प्राध्यापकपदं स्वीडिशसाठी राखीव आहेत. फ्रीबुर्गचा कॅन्टनच (म्हणजे तिथलं राज्य) दोन भाषांचा, तिथे कायद्याची पदवी दोन्ही भाषांत घेतली की तसा शेरा पदवीवर मिळतो आणि तो वकिलीत कामाला येतो. सगळीकडे दुसऱ्या भाषेला बाहेर काम आहे. कुणाच्या तरी पगारात, बढतीत, अशिलांच्या संख्येत ती दिसते.

शून्यप्रहर यांचा दाबाचा मुद्दा मला पटतो. म्हणूनच उलट दिशेने पण दाब हवा. आपल्याकडे कामाची खरंच कमी आहे का? खालच्या कोर्टात साक्ष मराठीत होते, दवाखान्यात पेशंट मराठीत बोलतो, पंचायतीपासून मंत्रालयापर्यंत फाइल मराठीत. पण वकिलीच्या, वैद्यकाच्या, प्रशासनाच्या पदवीत "मराठीत काम करता येतं" हे कुठे तपासलंच जात नाही. पेशंटचं म्हणणं त्याच्या भाषेत ऐकून नीट टिपून घेता येतं का याचे दहा गुण ठेवा, बघा मराठीचा तास भरतो की नाही.

बिटबाइट

प्राजक्त, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे.

कलमदान

प्राजक्त यांच्या मुद्द्याला एक जोड. कधीकधी दाब कायद्यानेपण येतो. मिलानच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने २०१२ मध्ये ठरवलं की मास्टर्स आणि पीएचडी सगळं फक्त इंग्रजीत. शंभरेक प्राध्यापक कोर्टात गेले. २०१७ मध्ये इटलीच्या संविधान न्यायालयाने सांगितलं की काही कोर्स इंग्रजीत ठेवा हरकत नाही, पण अख्खेच्या अख्खे अभ्यासक्रम सरसकट इंग्रजीत करून इटालियनला हद्दपार करता येणार नाही, त्याने शिक्षणाच्या समान संधीला आणि शिक्षकाच्या स्वातंत्र्याला बाधा येते. लक्षात घ्या, इटालियन ही काही दुबळी भाषा नाही, स्वतःचं राष्ट्र असलेली भाषा आहे. तिलाही हे करावं लागलं.

शून्यप्रहर

ठीक, काम आणि कायदा दोन्ही मान्य. माझा आक्षेप आता छोटा करतो. माणसं कुठून आणायची? दोन्ही भाषांत वरच्या पातळीचं शिकवणारे प्राध्यापक प्रत्येक विभागात मिळणार नाहीत. आणि शोधनिबंधांवरची बढती तशीच राहिली तर असलेले पण टिकणार नाहीत.

प्राजक्त

वेल्सने यावर चांगली युक्ती काढलीये. २०११ मध्ये त्यांनी एक संस्था काढली, कोलेग कमराइग केनेडलाइथॉल, जिला स्वतःचा कॅम्पसच नाही. ती आहे त्याच विद्यापीठांत वेल्श भाषेत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या जागांना पैसे देते, वेल्शमध्ये शिकणाऱ्यांना शिष्यवृत्ती देते आणि अभ्याससाहित्य सगळ्या विद्यापीठांना मिळून वापरता येतं. म्हणजे एका विद्यापीठात वेल्शमध्ये भूगोल शिकवणारा एकच माणूस असला तरी तो एकटा पडत नाही. इमारती बांधण्यापेक्षा माणसांवर खर्च.

आणि बढतीचं म्हणाल तर नॉर्वेत विद्यापीठांच्या कायद्यातच आहे की नॉर्वेजियन परिभाषा जपणं आणि वाढवणं ही विद्यापीठाची जबाबदारी. जबाबदारी संस्थेवर आली की ते काम करणाऱ्या प्राध्यापकाला त्याचं श्रेय मागता येतं.

तळटीप

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं भरभरून येईल वाटलं नव्हतं.

मला एक विचारायचंय. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या विद्यापीठांना पत्र लिहिलं होतं की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या. म्हणजे ओटावा आणि हेलसिंकीचं जे तत्त्व निळीशाईने सांगितलं जवळपास तेच. आणि कला, वाणिज्य, कायदा अशा शाखांत मराठीत लिहायची सोय कित्येक ठिकाणी आधीपासून आहे. तर मग पत्रापुढे गाडी कुठे अडते? आणि एखाद्या विद्यापीठाला उद्यापासून एकच गोष्ट करायची असेल तर कुठली?

जुनाखडू

ताई, अडते ती मी मागे लिहिलेल्या जागांवरच. एकच म्हणालात म्हणून माझी निवड, प्रश्नपत्रिका. ज्याने प्रश्न काढला त्यानेच दोन्ही भाषांत लिहायचा, एकाने काढून दुसऱ्याने भाषांतर करायचं नाही. जमत नसेल तर दोघांना शेजारी बसवा आणि दोन्ही मजकूर एकमेकांसमोर वाचून पक्के करा. मराठी करताना इंग्रजी प्रश्नातली संदिग्धतापण सापडते, मी स्वतः असे पेपर काढलेत, दोन्ही बाजू सुधारतात. मग ती शेवटची बारीक ओळ काढून टाकता येते आणि तिच्या जागी लिहिता येतं की दोन्ही मजकूर समान ग्राह्य आहेत.

शून्यप्रहर, याला नवीन माणसं लागत नाहीत. आहेत त्यांना एक दुपार जास्त द्यावी लागते आणि त्या दुपारचं मानधन.

शून्यप्रहर

याला माझा आक्षेप नाही सर. फक्त परीक्षकांचंही त्याच बैठकीत ठरवा, दोन्ही भाषा वाचणारा परीक्षक असेल तर त्याच्याकडे मिश्र गठ्ठा द्या, वेगळा मराठी गठ्ठा काढूच नका. म्हणजे एकावर लोड नाही आणि कुठली उत्तरपत्रिका कुठल्या "माध्यमाची" हा शिक्कापण नाही.

जुनाखडू

मान्य, शंभर टक्के मान्य.

उंबरठा

सर, एक राहिलं. एकाच उत्तरात दोन्ही भाषा आल्या तर? म्हणजे व्याख्या इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठीत. आमच्या वेळी एका शिक्षकांनी सांगितलं होतं असं लिहिलं तर गुण कापतात, त्या भीतीने येत असलेल्या इंग्रजी व्याख्यापण मी मराठीत करत बसायचे आणि वेळ संपायचा.

जुनाखडू

मी कधीच कापले नाहीत. मुद्दा बरोबर आला की गुण. पण मी कापले नाहीत म्हणून शेजारचा परीक्षक कापणार नाही याची खात्री विद्यार्थ्याला कशी असणार? म्हणून हे परीक्षकाच्या मनावर सोडू नये. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर ज्या सूचना असतात, दोन्ही बाजूंना लिहा, समास सोडा वगैरे, त्यातच छापायचं, एकाच उत्तरात दोन्ही भाषा वापरल्या तरी चालेल, त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत.